मदत हवी आहे: बाबांना वॉल्डन पाँडवर गरी टाकायची आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा कुडाळहून चार महिन्यांसाठी आलेत. आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७२. थोरो हा अमेरिकन लेखक वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिलं; दुर्गाबाई भागवतांनी केलेला त्याचा अनुवाद बाबांनी इतक्यांदा वाचलाय की पुठ्ठा सुटून हातात येतो. त्यामुळे नायगरा-बियगरा काही नको, मला ते तळं दाखव, एवढीच फर्माईश. जूनच्या पहिल्या शनिवारी गाडी काढून तिथे, मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डला जायचं म्हणतोय.

इथवर ठीक होतं. परवा त्यांनी बॅगेतून विड्यांची पत्र्याची डबी काढली. आत गुंडाळलेली तंगूस (गरीची नायलॉनची दोरी), कागदात खोचलेल्या चार गऱ्या आणि दातांनी चावून चपटी केलेली शिशाची गोळी. जन्मभर कर्ली नदीवर गरवलेला माणूस. म्हणाले, थोरो तिथे मासे धरायचा, मग मी का नको?

तर, पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला परवाना लागतो का? कुठेतरी वाचलं की सत्तरीपुढे फुकट आहे. शिवाय बाबांचा एक गुडघा कुरकुरतो, तळ्याला पूर्ण फेरी झेपेल का? आई शाकाहारी आहे, तिला मासेमारीत शून्य रस, पण चालायला ती आमच्या सगळ्यांच्या पुढे.

प्रतिसाद

मी जवळच राहतो, वर्षातून चार-पाच चकरा होतात. परवाना १५ वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतो. सत्तरीची फुकट सवलत मॅसॅच्युसेट्सच्या रहिवाशांना, बाबांना नाही. बाहेरच्यांसाठी तीन दिवसांचा परवाना मिळतो, ऑनलाइन काढा आणि प्रिंट खिशात ठेवा.

ती शिशाची गोळी मात्र घरीच ठेवा! इथल्या गोड्या पाण्यात एक औंसाखालचं शिशाचं वजन २०१२ पासून बंद आहे. लून नावाचे पाणपक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. दुकानात कथिलाची किंवा स्टीलची वजनं मिळतात.

शनिवार टाळता आला तर बघा. पार्किंग भरलं की थेट फाटक बंद करतात, मग चार तास गाडी हाकून आलेला माणूस रस्त्यावरच. पार्किंगला बाहेरच्या राज्याच्या नंबरपाटीला ३० डॉलर, आमच्या पाटीला ८. अन्याय आहे, पण आहे. कुत्रा आणू नका, शेगडीही नाही, मासा तळायचा तो घरी येऊन.

प्रतिसाद

फेरी साधारण पावणेदोन मैलांची. चढ फार नाही, पण वाट अरुंद, मुळं वर आलेली आणि मध्ये पायऱ्या. दुखऱ्या गुडघ्याने थोरोच्या झोपडीच्या जागेपर्यंत जाऊन परत फिरावं. तिथे आता ग्रॅनाइटचे खांब आणि शेजारी लोकांनी रचलेला दगडांचा ढीग आहे. उभी झोपडी बघायची असेल तर नक्कल पार्किंगजवळ आहे, १० बाय १५ फूट. माझ्या सासूबाई आत डोकावून म्हणाल्या, आमचं माजघर मोठं होतं.

मासा म्हणाल तर राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं ट्राउट आणून सोडतं. त्याला थंड पाणी लागतं, ऊन चढलं की खोल जातो. म्हणून पहाटेच बसा, पोहण्याच्या किनाऱ्यापासून लांब. आणि पायमोजे पँटवर ओढा, गवतात गोचिड्या असतात, लाइम रोग त्यांच्याचमुळे होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. बुधवार ठरवलाय, परवाना काढला. बाबांना नियम वाचून दाखवले तर आधी भडकले, "तळ्यात गरी टाकूक लायसन कित्याक?" मग लूनचं सांगितलं तेव्हा गप्प झाले आणि गोळी स्वतःच काढून खिडकीत ठेवली.

कथिलाचं वजन मात्र नको म्हणतायत. थोरोने १८४६ मध्ये तळं गोठलेलं असताना दोरीला दगड बांधून खोली मोजली होती, १०२ फूट. "त्येना धोंडो बांधल्यान, मी पण धोंडोच बांधतलंय." काल संध्याकाळभर अंगणातले खडे निवडत होते, आई वैतागली.

आता प्रश्न एवढाच: गुळगुळीत खड्याला तंगूस अशी कशी बांधायची की पहिल्याच फेकीत निसटणार नाही?