‘हॅक झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

गेल्या रविवारी सावर्ड्याहून मावसबहिणीचा फोन. "दादा, माझा मोबाइल हॅक झाला." काय झालं विचारलं तर हळूहळू बाहेर आलं ते असं: वीजबिल थकलंय, आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, असा मेसेज आला. घाबरून तिने त्यातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्याने गोड बोलून एक ॲप घालून घेतलं, ‘फक्त दहा रुपये भरून बघा’ म्हणाला, आणि ती भरत असताना तिचा स्क्रीन तो तिकडे बसून वाचत होता. अठरा हजार गेले. मी आधी तिचं नेट बंद करायला लावलं, मग दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार, मग बँक.

पैशांचं व्हायचं ते होईल, पण माझ्या डोक्यात तो शब्द राहिला. यात हॅक कुठे आहे? कोणी कुलूप फोडलं नाही, कडी तिनेच काढली. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका दुकानदाराच्या हिशेबाच्या सगळ्या फायली कोणीतरी बंद करून पैसे मागितले, तोही म्हणतो ‘हॅक’. भाचीचा इन्स्टाग्रामचा पासवर्ड मैत्रिणीला ठाऊक होता, तिने भलतंच काही टाकलं, तेही ‘हॅक’. गोव्यात मासळीबाजारात जाऊन कोणी नुसतं ‘मासे द्या’ म्हणत नाही. बांगडा की इसवण, ते आधी. इथे मात्र सगळ्याला एकच नाव.

मुळात हा शब्द शिवीही नव्हता. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीतल्या खेळण्यांच्या रेल्वेचा छंद असणारी मुलं एखाद्या अफलातून युक्तीला ‘हॅक’ म्हणायची. आपल्याकडे शक्कल म्हणतात तसं काहीसं. घरफोडीचा अर्थ मागून चिकटला.

तर प्रश्न असा: या निरनिराळ्या प्रकारांना तुमच्याकडे काय म्हणता? पुस्तकी प्रतिशब्द नकोत, तोंडात बसतील असे द्या.

खाजनवाला, बोरी: बहिणीला गरी (मासे धरायचा गळ) लागली, एवढंच. गरीला सुंगट (कोळंबी) लावायचं आणि वाट बघायची. मासा आपणहून येतो.

मी: काका, चपखल. इंग्रजी शब्दही तिथूनच आला. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे पासवर्ड गोड बोलून काढणारी पोरं त्याला ‘फिशिंग’ म्हणू लागली. स्पेलिंगमध्ये एफच्या जागी पीएच घातलं, कारण त्याआधी फुकट कॉलसाठी टेलिफोनच्या यंत्रणेत घुसणाऱ्यांना ‘फ्रीक’ म्हणत आणि तेही पीएचनेच लिहीत.

पेडण्याचे मास्तर: मराठीत ‘गळ’ आहेच, आणि त्याची क्रियापदं बघा. ‘गळ टाकला’ हे चोराचं काम, ‘गळाला लागलो’ हे माझं. ‘हॅक झालं’मध्ये कर्ताच नाही. पाऊस पडला तसं झालं! व्याकरणानेच सगळ्यांना सोडवून टाकलंय.

डिचोलीची नेटवर्कवाली: मास्तर, हे वाक्य ऑफिसात भिंतीवर लावते. एक भर: गळ एकेकट्यासाठी असतो, पण वीजबिलाचा मेसेज लाखोंना एकदम जातो. ती रापण झाली. मोठं जाळं, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं, येईल ते येईल. आणि साहेबांचं नाव, मुलीची शाळा, सगळं माहीत करून अकाउंटंटला एकटीला मेल पाठवतात, ती खरी गरी. इंग्रजीत त्याला भाल्याची उपमा देतात. रापणीपासून सावध करायला पोस्टर पुरतं. गरीसाठी मात्र पैसे पाठवण्याआधी साहेबांना उलट फोन करायची पद्धत लागते, आणि तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, मेलमधल्या नाही.

खाजनवाला: आणि ते फायरवॉल? आग कुठे आहे त्यात?

डिचोलीची नेटवर्कवाली: आग शेजाऱ्याच्या घरातून आपल्याकडे येऊ नये म्हणून मधे जाड भिंत बांधतात, तिचं नाव. नेटवर्कमध्ये बाहेरचं नको ते आत येऊ न देणारा पहारा, त्याला हेच नाव दिलंय. काही ठिकाणी ‘अग्निभिंत’ असा अनुवाद वाचला. वाचून माणसाला वाटतं भिंतच पेटलीय.

खाजनवाला: मग मानस म्हण. आमच्या खाजनाला, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या सखल शेताला, बांध आहे, त्यात लाकडी दारांची मानस. ओहोटीला नदी खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरतीला नदीच दार दाबून बंद करते, खारं पाणी शेतात येत नाही. विजेची गरज नाही, माणूस उभा करायची गरज नाही.

मी: हा शब्द मी उचलणार आहे. घरच्या राउटरचं मूळ काम अगदी हेच: आतून बाहेर मोकळं, बाहेरून आत बंद.

डिचोलीची नेटवर्कवाली: थांबा, पूर्ण जुळत नाही. मानशीला फक्त दिशा कळते. फायरवॉलला कोण बाहेर गेलं ते लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे त्याचं उत्तर आलं की त्याला तेवढंच आत घेता येतं. नाहीतर तुम्ही एक पानही उघडू शकणार नाही. मानशीवर वही घेऊन बसलेला कारकून कल्पा.

खाजनवाला: कारकून नको. खरी गंमत पुढे आहे. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला जास्त मासे हवे असतात, मग तो नको तेव्हा दार उघडं ठेवतो आणि खारं पाणी शेतात शिरतं. बांध शाबूत, मानस शाबूत, शेत मात्र गेलं.

डिचोलीची नेटवर्कवाली: काका, यावर आमच्याकडे अख्खी प्रशिक्षणं होतात. घरचा कॅमेरा बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये कोणीतरी एक दार उघडं सोडतं आणि विसरून जातं. त्या दाराला ‘पोर्ट’ म्हणतात. मराठीत एकाने त्याचं ‘बंदर’ केलं होतं. ‘बावीस क्रमांकाचे बंदर बंद करा.’

पणजीचा विद्यार्थी: मुरगाव बंदरवाल्यांनी मोर्चा काढला असता.

पेडण्याचे मास्तर: पोर्तुगीज शिकलेल्या आमच्या पिढीला ही चूक लगेच दिसते. ‘पोर्तु’ म्हणजे बंदर, ‘पोर्ता’ म्हणजे दार. दोन्ही लॅटिनमधून आलेले, इंग्रजीत दोघांचं ‘पोर्ट’ झालं. संगणकातला पोर्ट हा दाराच्या घरातला. मी त्याला दिंडी म्हणेन. महादरवाजा लावून घ्यायचा आणि त्यातल्या छोट्या दिंडीतून एकेकाला ओणवं करून आत घ्यायचं.

पणजीचा विद्यार्थी: सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे, म्हणजे बंदराचा संबंध राहिलाच.

डिचोलीची नेटवर्कवाली: दिंडी झकास. अशा ६५,५३५ दिंड्या प्रत्येक यंत्राला. कुठल्या उघड्या आहेत ते बघायला एनमॅप वापरा, १९९७ पासून आहे आणि फुकट आहे. फक्त आपल्या घरच्या नेटवर्कवर. शेजाऱ्याच्या दिंड्या चाचपून पुढे आत शिरलात तर आयटी कायद्याचं ४३ आणि ६६ कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी शिकत होतो’ हे तिथे चालत नाही. शिकायचं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर एक खोटं, मुद्दाम गळकं यंत्र उभं करा आणि त्याच्यावर हवे तेवढे प्रयोग करा.

पणजीचा विद्यार्थी: बॅकडोअर, म्हणजे यंत्रात गुपचूप शिरायला ठेवलेली वाट, तिला मागीलदार म्हणायचं का? आमच्या घरी मागीलदारीच जास्त वर्दळ असते.

पेडण्याचे मास्तर: म्हणूनच ते नको. चोरदिंडी म्हण, रायगडावर आहे ती. आणि ध्यानात घे, चोरदिंडी चोर बांधत नाही. गड बांधणाराच स्वतःसाठी ठेवतो.

मी: मास्तर, याचं ताजं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. एक्सझेड नावाची फाइल दाबून लहान करणारी सोय लिनक्स या संगणक चालवणाऱ्या फुकट प्रणालीच्या बहुतेक प्रकारांत असते. ती सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला. ‘जिया तान’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत केली, विश्वास कमावला, किल्ल्या हातात आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदिंडी ठेवून दिली. दूरच्या यंत्रात लॉगिन करायची जी वाट असते, तिथे ती उघडणार होती. पकडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने तो सोडला नाही, खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळ्यांना कळवलं. आपल्याकडे एखादं पान दहा सेकंद फिरत राहिलं तरी आपण ‘पावसामुळे नेट स्लो’ म्हणून चहा घेतो.

खाजनवाला: तो गडी बांधावर फिरणारा असणार. आम्ही तसंच करतो, पाण्याचा आवाज बदलला की थांबायचं. कुर्ल्या (खेकडे) बांधाला भोकं पाडतात. बोटभर भोक आज लिंपलं नाही तर चार भरत्यांत भगदाड.

डिचोलीची नेटवर्कवाली: ‘लिंपणं’! मी ‘पॅच’साठी, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणाऱ्या दुरुस्तीसाठी, शब्द शोधत होते. ‘ठिगळ’ लिहून बघितलं, पण ठिगळ म्हटलं की गरिबी आठवते, लोक ते लावायचं टाळतात. आणि पॅच टाळण्याचं काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. विंडोजमधलं भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आला होता. वॉनाक्राय हा फायली बंद करून पैसे मागणारा व्हायरस आला १२ मेला. एकोणसाठ दिवस हातात होते. ज्यांनी लिंपलं नव्हतं त्यांच्या फायली गेल्या आणि तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये मागितले गेले. ४४५ क्रमांकाची दिंडी बाहेरच्यांना उघडी असणं हे त्यातलं मोठं कारण.

मी: मग आमच्या दुकानदाराचं उत्तर मिळालं. त्याला खंडणी म्हणतात, शब्द घरातलाच आहे. आणि खंडणीवरचा उपाय गरीवरच्या उपायापेक्षा अगदी वेगळा: फायलींची एक प्रत अशा डिस्कवर, जी काम झालं की उपसून कपाटात जाते. त्याची डिस्क चोवीस तास जोडलेलीच होती, तीही गेली. पैसे देण्याआधी ‘नो मोअर रॅन्सम’ ही साइट बघायला सांगितलंय. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केली, अशा व्हायरसांच्या काही जातींनी बंद केलेल्या फायली उघडायच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

पणजीचा विद्यार्थी: ट्रोजन? म्हणजे कामाचं ॲप म्हणून आत घेतो आणि पोटात चोर निघतो ते?

पेडण्याचे मास्तर: ग्रीकांचा घोडा कशाला? उज्जैनच्या प्रद्योताने वत्सराज उदयनाला धरायला रानात लाकडी हत्ती ठेवला होता, पोटात सैनिक. उदयन हत्तींचा वेडा, वीणा घेऊन गेला आणि सापडला. ज्याला ज्याचं वेड, त्याच रूपात येतं ते. फुकटचा गेम, फुकटचा सिनेमा.

एक शब्द मात्र आपण स्वतः बिघडवलाय. ‘परवलीचा शब्द’. गडावरचा पहारेकरी रात्री अडवून विचारायचा, तो खुणेचा शब्द. चार माणसांना ठाऊक, तोही दुसऱ्या दिवशी बदललेला. आज वर्तमानपत्रात ‘विकास हा परवलीचा शब्द झाला आहे’ असं छापतात, म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला. अर्थ अगदी उलटा झाला.

डिचोलीची नेटवर्कवाली: उलटा कुठे? आमच्या ऑफिसात तसंच आहे. वायफायचा परवलीचा शब्द चहावाल्यालाही पाठ.

मी: लांबी वाढवा, एवढंच सांगेन. फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द काढायचा, असे पाच-सहा काढून जोडायचे. ही युक्ती १९९५ पासून आहे. ‘पणती खेकसणे भोपळा तिजोरी ओसरी’ असं काहीतरी निघतं. (हे आता वापरू नका, इथे लिहून झालं.) बाकीचे शंभर पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपच्या जुडग्यात ठेवा.

पणजीचा विद्यार्थी: नेटवर्कवरून काय काय ये-जा करतं ते दाखवणारं वायरशार्क आहे ना, त्याचं मराठी कोणी करणार का? आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात. तारमोरी!

पेडण्याचे मास्तर: आणि मराठीत मोरी म्हणजे घरातलं सगळं सांडपाणी जाते ती जागा. बस, तिथेच बसून बघायचं असतं ना?

डिचोलीची नेटवर्कवाली: अगदी तिथेच. मी घरी तासभर लावून बसले होते. मजकूर वाचता येत नाही, बहुतेक सगळं बंद पाकिटात जातं. पण पाकिटावरचे पत्ते बऱ्याचदा दिसतात. आमचा टीव्ही कोणी बघत नसताना रात्रभर कोणाकोणाला पत्र लिहितो, ते बघून सासूबाईंनी त्याचा प्लगच काढला.

खाजनवाला: हे सगळं ठीक. माझ्या राउटरचा पासवर्ड बदलायचा कुठून ते सांगा. आल्यापासून तोच आहे.

मी: काका, राउटरच्या पाठीवर चिठ्ठी असते. तिच्यावर पत्ता, नाव आणि पासवर्ड लिहिलेला. तो पत्ता ब्राउझरमध्ये घालायचा, आत गेलात की दोन पासवर्ड बदलायचे: एक वायफायचा, एक त्या पानात शिरण्याचा. दुसरा सगळे विसरतात. मग तिथेच फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट दिसेल, तेही करून टाका.

खाजनवाला: चिठ्ठी पावसात पुसून गेली. रविवारी ये. मानशीवरची सुंगटं आहेत.