पानवल पुलाचे खांब तेव्हाच दुहेरी मार्गाचे का नाही घातले?

वाशिष्ठीकर: कोकण रेल्वेचा रोहा-वीर पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. खरा डोंगर त्यापुढे, आणि तिथे मार्ग एकेरी, गाडी अजून क्रॉसिंगला, म्हणजे समोरचीला वाट द्यायला, ताटकळते. गणपतीत तर विचारूच नका. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या पुलाचे पाये-खांब दुहेरी मार्गाच्या हिशेबाने घालून गर्डर (खांबांवरची तुळई) एकच टाकता आला असता. रामेश्वरच्या समुद्रावरच्या नव्या पांबन पुलाला तशीच सोय ठेवलीये. आता ६४ मीटर उंच पुलाशेजारी, गाड्या चालू ठेवून कातळ फोडायचा म्हणजे कामासाठी वाहतूक थांबवणारे ब्लॉकवर ब्लॉक.

स्लीपरकोच: पैसा कुठला? १९९० साली महामंडळ निघालं तेव्हा भांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, बाकी कर्नाटक, गोवा, केरळचं. वरचा पैसा रोख्यांतून उचललेला. रिकाम्या खांबांसाठी व्याज भरत बसायचं? आणि नव्वदच्या वर बोगदे एकेरी, त्याचं काय?

गर्डरवाला: पांबनचा दाखला इथे चालणार नाही. तिथे बहुतेक गाळे (दोन खांबांमधली अंतरं) १८.३ मीटरचे, खांब बुटके. पानवलचा ४२४ मीटरचा पूल ढकलून बांधलाय. एका टोकाला काँक्रीटच्या पोकळ पेटीसारख्या गर्डरचा तुकडा ओतायचा, पक्का झाला की प्रीस्ट्रेस करून (आतल्या पोलादी तारा ताणून) जॅकने दरीवर पुढे सरकवायचा, मोकळ्या झालेल्या जागी पुढचा ओतायचा. दुहेरी खांबावर एकच पेटी ठेवली तर ती कडेला बसणार. एवढ्या उंचीवर तो एकतर्फी भार कायमचा.

वाशिष्ठीकर: एकतर्फी भाराचं काय कौतुक? दुहेरी पुलावर एकच गाडी आली की तेच होतं, डिझाइनमध्ये धरतातच. न्यूयॉर्कच्या हेल गेट पुलावर १९१७ साली एका कमानीवर चार मार्ग घातले होते.

गर्डरवाला: गाडी निघून जाते, पेटी तिथेच राहते. हाच तर फरक. आणि दोन वेगळे पूल असले की एकावर बेअरिंग (खांब आणि गर्डरमधला आधार) बदलायचं काम निघालं तरी दुसऱ्यावरून वाहतूक चालू.

रत्नांग्री: कडवई, वेरवली, खारेपाटणला नवी क्रॉसिंग स्टेशनं काढली, तो उपाय स्वस्तातला. सपाटीवर दुहेरीकरण करा, पूल राहू दे एकेरी.

वाशिष्ठीकर: म्हणजे सगळं पुलापाशी तुंबणार!

गर्डरवाला: कसं तुंबेल? अख्खी गाडी पूल ओलांडते मिनिटभरात. रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर एकेरी बोगद्यात एक गाडी असेपर्यंत समोरचीला सोडता येत नाही. आधी त्याचं बोला.