गोळा वर चढलाय का खाली सरकलाय, आधी ते बघा

दादा, मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उचलताना भाऊजींच्या दंडात कट्टकन आवाज आला आन् आता तिथं गोळा दिसायलाय म्हणता, त्यावर इथं बरेच जण तेल लावून चोळा म्हणायलेत. चोळू नका बरं. बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं, तोच गोळा) टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, वर खांद्यात दोन ठिकाणी आन् खाली कोपरापाशी चिकटलेलं असतं. वरचं लांब टेंडन तुटलं तर गोळा कोपराकडं सरकतो, दिसायला वंगाळ, पण दुसरं शाबूत असतं म्हणून वय झालेल्या माणसाचं बहुतेक वेळा बिगर ऑपरेशनचं, फिजिओथेरपीवर भागतं. कोपराचं तुटलं तर मात्र गोळा खांद्याकडं चढतो, कोपराच्या पुढं काळंनिळं होतं, स्क्रू पिळायची ताकद जाते, आन् तिथं ऑपरेशन करायचं तर २-३ आठवड्यांच्या आत झालेलं बरं, नंतर टेंडन आखडून वर जातं आन् डॉक्टरचंबी काम अवघड होतं. एक्स-रेत टेंडन दिसत नाही, हाड चांगलंय म्हणून माणूस निवांत घरी येतो (आपल्याकडं हे लई होतं). सोनोग्राफी नाहीतर एमआरआय करा, लातूरला होऊन जाईल. बिडी ओढत असतील तर तेबी डॉक्टरला सांगा, त्यानं टेंडन कमजोर होतं. तोवर त्या हातानं बादलीसुद्धा उचलू देऊ नका.