'त्रिमितीय प्रतिमा' म्हणजे दिसणं की मोजणं?

विचारणारा: एका उपकरणाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ते शाळा-कॉलेजात दाखवायलाही आहे आणि पृष्ठभाग मोजायलाही. मूळ मजकुरात दोन्हीकडे 'थ्रीडी इमेजिंग'. मी सरसकट 'त्रिमितीय प्रतिमांकन' ठोकलंय. चालेल?

भूगोलवाली: वर्गापुरतं 'त्रिमितिदर्शन' करा. आम्ही हवाई छायाचित्रांची जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवतो. दोन्हींत साधारण ६० टक्के भाग सामाईक. एकेक डोळा एकेक फोटो बघतो, फोटो जरा इकडेतिकडे सरकवले की डोंगर एकदम वर येतो आणि पोरं "आला, आला!" करतात. याला आमच्यात 'उठाव' म्हणतात (१८५७चा नव्हे). पण हा डोंगर खऱ्यापेक्षा जास्तच उभा दिसतो. विमानाने दोन फोटो लांबलांबच्या जागांवरून घेतलेले, आणि आपल्या डोळ्यांत अंतर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर.

टूलरूमकर: आमच्याकडे असं जास्त उभं दिसून भागत नाही. प्रोजेक्टर पार्टवर काळे-पांढरे पट्टे टाकतो, कॅमेरा बाजूने तिरका बघतो. खड्डा-उंचवटा आला की पट्टे वाकतात, त्या वाकण्यावरून उंची काढायची. पार्ट चकचकीत असेल तर आधी पांढरा स्प्रे मारा, नाहीतर चमकेत पट्टेच हरवतात. हाती येतात ते बिंदू, प्रत्येकाला एक्स-वाय-झेड. स्क्रीनवर चित्र दिसतं, पण माल म्हणाल तर आकडेच. इथे 'पृष्ठमापन' हवं. आणि कृपा करून 'खडबडीतपणा मोजतो' असं लिहू नका! अशा पट्ट्यांनी बहुतेक वेळा आकार मिळतो. रफनेस मायक्रॉनमधला, त्याला हिऱ्याच्या टोकाची सुई ओढतात.

विचारणारा: म्हणजे एक आभास, दुसरं माप?

भूगोलवाली: इतकी सरळ फाळणी नको. स्टिरिओस्कोप शोधणाऱ्या व्हीटस्टनने १८३८ साली हाताने काढलेल्या रेषाचित्रांवर उठाव दाखवला, तो आभासच. पण आमच्या हवाई फोटोजोडीवर पॅरॅलॅक्स बार ही मोजपट्टी लावून पराशयातला (एकच जागा दोन फोटोंत सरकलेली दिसते, त्या सरकण्यातला) फरक मोजला की डोंगराची उंची मिळते. २००५च्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला, दुसरा ५ अंश मागे. त्या जोडचित्रांतून जमिनीची उंची काढायची म्हणूनच.

विचारणारा: मग वर्गाच्या पानावर 'त्रिमितिदर्शन', मोजमापाच्या पानावर 'त्रिमितीय पृष्ठमापन'. मुखपृष्ठावर?

टूलरूमकर: तिथे 'थ्रीडी'च राहू द्या. गिऱ्हाईक तेच विचारत येतं.