गोठवलेले स्मोअर्स: चॉकलेट दगड होऊ नये म्हणून

स्मोअर्स म्हणजे बिस्किट, चॉकलेट आणि शेकोटीवर भाजलेला मार्शमॅलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) यांचा अमेरिकी गोड पदार्थ. एकीने लिहिलं होतं की त्याच्या आइस्क्रीम कपांत चॉकलेटचा थर दगड झाला, चमचाच वाकला. नुसतं चॉकलेट वितळवून ओतलं तर तसंच होणार, त्यातलं कोको बटर थंडीत कडक होतं. त्याऐवजी गनाश करा. चॉकलेट आणि हेवी क्रीम वजनाने सारखं, वर चमचाभर कॉर्न सिरप. फ्रीझरमधून काढल्या काढल्या चावता येतं.

मी 12 खळग्यांचा मफिन ट्रे घेते. कागदी वाट्यांत ग्रॅहम क्रॅकरचा (गव्हाच्या गोडसर बिस्किटांचा) लोण्यात कालवलेला चुरा वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचा, नाहीतर खाताना सगळा भुगा मांडीवर. मग गनाश, वर व्हॅनिला आइस्क्रीम, त्यावर मार्शमॅलो, आणि रात्रभर फ्रीझर.

मार्शमॅलोची काळजी नको. त्यात साखर आणि हवा एवढी असते की तो गोठून कडक होतच नाही. मार्शमॅलो भाजायचा गॅसचा टॉर्च मात्र वाढताना मारा, आणि आधी कागद सोलून काढा! मागच्या जुलैत माझ्या तीन वाट्या पेटल्या. पोरं खूश, म्हणे आता खरी शेकोटी झाली.

शाकाहारी पाहुणे असतील तर पाकीट वाचा, बहुतेक मार्शमॅलोंत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. अंडं चालत असेल तर बरणीतलं मार्शमॅलो फ्लफ घ्या, ते अंड्याच्या पांढऱ्याचं. भाजतंही झकास, कडेने तपकिरी होऊन थेट भाजक्या साखरेचा वास येतो.

भारतात ग्रॅहम क्रॅकर शोधत बसू नका, डायजेस्टिव्ह बिस्किटं घ्या. पार्ले-जीही चालतं, फक्त लोणी जरा कमी.