मदत हवी आहे: आई-बाबांनाही सोबत बसवणारे समुपदेशक (नाशिक/पुणे)

नमस्कार मंडळी. माझी भाची दहावीत आहे. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलंय, औषधं सुरू आहेत. ताई आणि भावोजी मात्र अजून 'आळशी झालीये, मोबाईल काढून घ्या' इथेच अडकलेत. तिघांसाठीही जीव तुटतो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे मानसशास्त्रज्ञ गाय डायमंड (Guy Diamond) आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कुटुंबोपचाराबद्दल वाचलं. त्यात सुरुवातीलाच 'हिला सुधारायचं कसं' हे बाजूला ठेवून मुलीला विचारतात, 'इतकं असह्य होतं तेव्हा तू आई-बाबांकडे का जात नाहीस?' मग आई-बाबांशी वेगळं बोलतात. लहानपणी त्यांना स्वतःला कुणाचा आधार होता, हेसुद्धा विचारतात. मला हे फार पटलं, कारण यात कुणालाच आरोपी करत नाहीत.

नाशिक-पुण्यात पालकांना घेऊन असं काम करणारं कुणी माहीत आहे का? मराठीत बोलणारं हवं, ऑनलाइनही चालेल.

आणि भावोजींना तयार कसं करू? 'मला काय झालंय?' म्हणतात. तुमच्या घरी वडील असेच अडून बसले आणि नंतर गेले असतील, तर काय सांगून नेलंत ते जरूर लिहा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ताईकडे दिलेला आहे.