अनुभव धागा: पेत्रिकिव्का, चितारी गावाच्या आठवणी

युक्रेनमध्ये शिकलेल्या, राहिलेल्या, फिरून आलेल्या मंडळींनो, आज पेत्रिकिव्काबद्दल लिहू या. निप्रो शहरापासून 50-60 किलोमीटरवरचं हे गाव. युक्रेनमधल्या लढवय्या झापोरोझियन कोसॅकांचे शेवटचे सरदार पेत्रो काल्निशेव्स्की यांनी 1772 मध्ये इथे लाकडी चर्च हलवून आणवलं, आणि त्याच्याभोवती वस्ती वाढली. तीनच वर्षांनी रशियाच्या राणी कॅथरीनच्या फौजेनं कोसॅकांचं ठाणं मोडलं. म्हाताऱ्या काल्निशेव्स्कींना दूर उत्तरेला सोलोव्हेत्स्की मठात कोंडलं, ते थेट 1801 पर्यंत. गाव मात्र राहिलं. तिथल्या बायका भिंतींवर फुलं काढत राहिल्या, आणि 2013 मध्ये युनेस्कोनं त्या चित्रकलेला वारशाच्या यादीत घेतलं. तुम्ही तिथे काय पाहिलंत? दोन ओळी असल्या तरी लिहा.

निप्रोत डॉक्टरी शिकलेली, नाशिक

दुसऱ्या वर्षाला होते. मैत्रिणींबरोबर एका कार्यशाळेत गेले. मी सवयीनं पेन्सिल मागितली, तर शिकवणाऱ्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. इथे आधी रेखाटन नसतंच. मांजराच्या केसांचा बारीक कुंचला, त्याला म्हणतात 'कोत्याच्का'. तो एका रंगात भिजवायचा, टोकाला दुसरा रंग घ्यायचा, आणि एकाच फटकाऱ्यात लालाचा पिवळा होत जातो. फटकाऱ्यांना नावं आहेत: 'ह्रेबिनेत्स' म्हणजे कंगवा, 'झेर्न्यात्को' म्हणजे दाणा. कलिना नावाच्या झुडपाची लाल फळं तर चक्क बोटाच्या टोकानं उमटवायची. माझा कंगवा दहा वेळा फिसकटला. बाई माझा हात धरून म्हणाल्या, "सोनेच्को, मनगट सैल सोड." सोनेच्को म्हणजे इवलासा सूर्य. मला मात्र आजीचं 'सोन्या'च ऐकू आलं.

चित्रकला शिक्षक, डहाणू

मी वारली पाड्यांत वाढलो, त्यामुळे भिंतीवरचं चित्र कायमचं नसतं हे माहीत होतं. तिथेही तसंच. चुन्यानं घर सारवायचं, चुलीभोवती फुलं काढायची, सण आला की जुनं पांढरं करून नवं काढायचं. अंड्याचा बलक घालून रंग खलायचे. म्हणजे जुनं चित्र पुसलं जायचं, हात तेवढा उरायचा. म्हणूनच मला त्या गावात तातियाना पाता यांचं नाव सगळ्यांत मोठं वाटतं. साध्या शेतकरी घरातली बाई, 1936 पासून गावच्या शाळेत मुलांना हे शिकवू लागली. मार्फा तिमचेंको, फेदिर पान्को ही पुढची मोठी नावं तिच्याच हाताखालची. सरदारानं गाव वसवलं हे खरं, पण ते जगापर्यंत नेलं या बाईनं, असं माझं ठाम मत आहे.

2022 मध्ये परतलेला, लातूर

माझ्या घरमालकीणबाई मूळच्या पेत्रिकिव्काच्या. मार्चमध्ये आम्ही निघालो तेव्हा पाठीवर एकच सॅक होती. कागदपत्रं, पाव, चार्जर. बाईंनी भिंतीवरची लाकडी ताटली काढली, माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळली आणि सॅकमध्ये कोंबली. काळ्या जमिनीवर लाल कोंबडा. रेल्वेत रात्रभर उभा होतो, ताटली पाठीला टोचत होती. ती आता आमच्या देवघराशेजारी आहे. आई रोज पुसते.

बाई अजून तिथेच आहेत. वीज असली की बोलतो आम्ही. परवा नातीनं काढलेल्या फुलाचा फोटो पाठवला. तिचा कंगवा अजून वाकडा येतो म्हणाल्या.